गाव शहराच्या हद्दीत गेलं की शेतीचं काय होतं?

प्रश्न: आमचं गाव हद्दवाढीत घ्यायचं चाललंय, कोणी म्हणतं नळ, ड्रेनेज येईल, कोणी म्हणतं आधी टॅक्सच येईल. शेती करणाऱ्यांनी काय करावं?

उत्तर १: शेती लगेच बंद होत नाही हो, पण जमिनीचा रेट वाढला की शेजारचा प्लॉट पाडून विकतो, ओढ्यात भराव पडतो आणि मग पहिल्याच मोठ्या पावसात पाणी तुमच्या पिकात उभं. डोळ्यांनी बघितलंय, मुळं कुजली सगळी.

उत्तर २: नळ-ड्रेनेजचं म्हणाल तर, घरं विखुरलेली असली की प्रत्येक घरामागे पाइप आणि रस्ता जास्त लागतो, खर्च वाढतो, कामं रखडतात. अमेरिकेत पोर्टलंड शहराने १९७९ मध्ये शहर कुठपर्यंत वाढू द्यायचं याची सीमाच आखली, बाहेरची शेती त्यामुळे बरीच टिकली.

उत्तर ३: हद्दवाढीवर हरकत घ्यायची मुदत चुकवू नका. लेखी द्या, पोच घ्या, ओढे नकाशावर आहेत का ते आधी बघा.