माजी विद्यार्थी मंडळाची जुनी दप्तरं कशी वाचवायची? इमारत पाडायला निघालीय

टिळकवाडीकर

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितोय पण मदत खरंच पाहिजे आहे.

आमच्या माजी विद्यार्थी मंडळाची बेळगावात टिळकवाडीत जुनी कौलारू इमारत आहे. खाली हॉल, वर खोल्या. पूर्वी खेड्यापाड्यातनं कॉलेजला येणारी पोरं तिथं राहायची, खानापूर, निपाणी, हुक्केरी, चंदगड (चंदगड १९५६ पर्यंत बेळगाव जिल्ह्यातच होतं, नव्या पोरांना हे सांगितलं तर खरं वाटत नाही). आता राहायला कोण नाही, वर्षातनं एकदा स्नेहमेळावा होतो तेवढाच. पण वरच्या खोलीत कपाटं भरून कागद आहेत. सभांची प्रोसिडिंग बुकं, कीर्द-खतावण्या (रोजच्या जमाखर्चाच्या आणि खातेवार हिशेबाच्या वह्या), त्यातल्या सगळ्यात जुन्या मोडीत, प्रवेशाचे अर्ज, मेसची हजेरी, पोरांनी दरवर्षी काढलेले हस्तलिखित अंक त्यातल्या रंगीत चित्रांसकट, आणि ग्रुप फोटो. मराठी, कन्नड, इंग्रजी तिन्ही भाषा एकाच वहीत सापडतात, कारण पोरंच तशी होती.

आता इमारत पाडून नवीन बांधायचं ठरलंय. ते ठीक आहे, भिंतींनी ओल धरलीय, वासे खचलेत. पण कमिटीत बहुतेकांचं म्हणणं पडलं की सगळं स्कॅन करून पेनड्राइव्हवर घ्यायचं आणि कागद रद्दीला. मला हे अजिबात पटत नाही पण सभेत नुसतं पटत नाही म्हणून चालत नाही, मुद्दे लागतात.

माझा भाचा अमेरिकेत ओहायोत शिकतोय, मायामी युनिव्हर्सिटीत, नाव मायामी पण गाव ऑक्सफर्ड. तिथं फ्रॅटर्निटी म्हणून प्रकार असतो, कॉलेजच्या पोरांचं बंधुमंडळ म्हणा, एकदा सभासद झालं की जन्मभर. बीटा थीटा पाय १८३९ ला, फाय डेल्टा थीटा १८४८ ला आणि सिग्मा काय १८५५ ला, तिन्ही त्याच एका कॉलेजात सुरू झाल्या आणि पहिल्या दोघींची मुख्यालयं आजही त्याच छोट्या गावात आहेत. आपल्याकडं हुबेहूब तसलं काही नाही, पण एकत्र राहणं, एका पंगतीला जेवणं आणि पुढं आयुष्यभर एकमेकांच्या उपयोगी पडणं हे आमच्याकडंही होतंच की. मग त्यांचे कागद जपले जातात आणि आमचे रद्दीत का?

तर विचारायचं असं की स्कॅन केल्यावर मूळ कागद ठेवायची गरज असते का, बेळगावच्या पावसात ते टिकवायचे कसे, आणि मंडळाला जमत नसेल तर द्यायचे कुणाला?

कपाट_नंबर_सात

दादा, पहिलं काम म्हणजे रद्दीवाल्याला फोन करू देऊ नका. मी वाचनालयात जुन्या पुस्तकांच्या विभागात काम केलंय, त्यावरनं सांगते.

स्कॅन म्हणजे कागदाची बदली नव्हे. स्कॅन वाचायला सोयीचा, मूळ वही पुराव्याला लागते. कुठल्या शाईत लिहिलंय, सही कुणाची, कुठं पान फाडलंय, समासात नंतर कुणी काय घुसडलंय हे मूळ वहीतच नीट कळतं. शिवाय पेनड्राइव्हवर कधीच भरवसा ठेवू नये, तो काही न सांगता एक दिवस बंद पडतो. एक ए-फोर पान ३०० डीपीआयला (म्हणजे इंचाला ३०० ठिपके) रंगीत टिफमध्ये (न दाबलेल्या फाइलमध्ये) घेतलं तर साधारण २५ एमबी होतं, म्हणजे दहा हजार पानांना अडीचशे जीबी धरा. दोन हार्डडिस्क घ्या, एक मंडळात, एक दुसऱ्या गावातल्या सभासदाच्या घरी, आणि तिसरी कॉपी क्लाउडवर. वर्षातनं एकदा उघडून चालतात का बघायचं.

आणि कृपा करून स्कॅनिंगवाल्याला वह्यांची शिवण कापू देऊ नका. वर कॅमेरा लावून वही अर्धी उघडी ठेवून फोटो काढता येतात, वेळ जास्त जातो पण वही वाचते.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कपाटं रिकामी करायच्या आधी यादी. कुठल्या कपाटात कुठल्या खणात काय, कशाशेजारी काय होतं, मोबाइलवर फोटो काढा आणि मगच हात लावा. लोक उत्साहात सगळे फोटो एकीकडं, सगळ्या वह्या एकीकडं असं "नीट" लावायला जातात आणि तिथंच निम्मी माहिती जाते. एखाद्या वर्षाच्या हजेरीच्या वहीत त्या वर्षाचा ग्रुप फोटो ठेवलेला असेल तर त्या फोटोतली नावं त्या वहीवरनं लागतात. वेगळा केला की नुसती अनोळखी पोरं उरतात.

पावसाचं म्हणाल तर ओल आणि कसर हेच दोन शत्रू, वाळवी तिसरी. भिंतीला टेकून कपाट ठेवायचं नाही, चार बोटं अंतर. खालचा खण रिकामा. लोखंडी कपाट चालेल पण जूनच्या आधी आत कोरडं आहे बघून बंद करायचं आणि उघडीप मिळाली की दारं उघडून हवा द्यायची. हवेतली आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर बरेच दिवस राहिली की बुरशी धरतेच, स्वस्तातला मीटर मिळतो तो आत ठेवा. सेलोटेप लावायचा नाही, लॅमिनेशन तर मुळीच नाही, कारण लॅमिनेट केलेला कागद परत सोडवता येत नाही. स्टेपलरच्या पिना आणि टाचण्या गंजून कागद खातात, त्या अलगद काढा.

नवा_विश्वस्त

मी दुसऱ्या एका ट्रस्टवर आहे म्हणून कमिटीची बाजू सांगतो, राग मानू नका. जागेला पैसे लागतात, माणूस लागतो, आणि खरं सांगायचं तर वर्षात दोन माणसंसुद्धा ते दप्तर उघडत नाहीत. अमेरिकेतल्या संस्थांकडं मोठे फंड असतात. सिग्मा अल्फा एप्सिलॉन या फ्रॅटर्निटीनं १९३० साली शिकागोजवळ इव्हान्स्टनला अख्खं स्मारक मंदिर उभं केलं, आत म्युझियम, लायब्ररी. आपल्या मंडळाला हे कसं झेपणार?

तरीपण रद्दीला घालताना एक बघा. प्रोसिडिंग बुकं आणि हिशेबाची पुस्तकं ही जागेच्या हक्काला आधार देणारी कागदपत्रं आहेत. तुमची जागा बेळगाव मुंबई राज्यात असताना घेतलेली असेल तर त्या वेळचा ठराव, देणगीपत्र, नोंदणी यांचे उल्लेख त्याच वह्यांत. सिटी सर्व्हेच्या उताऱ्यावर नाव लागताना घोळ निघाला तर कोर्टात मूळ वही मागतात, स्कॅनचा प्रिंट पुढं केला तर मूळ कुठंय हा पहिला प्रश्न. आता बांधकामाचा करार व्हायचाय म्हणजे ही पुस्तकं लागणारच. कमिटीला हा मुद्दा लगेच कळेल.

मोडी_आणि_मी

वरच्या विश्वस्तांना एक सांगावंसं वाटतं, फंड नसतानाही कागद टिकलेत. अमेरिकेतली सगळ्यात पहिली ग्रीक अक्षरांचं नाव घेतलेली विद्यार्थी सोसायटी म्हणजे फाय बीटा कॅपा, ५ डिसेंबर १७७६ ला व्हर्जिनियात विल्यम अँड मेरी कॉलेजात निघाली. तेव्हा त्यांच्याकडं कसलं मुख्यालय आणि कसलं काय, खानावळीत जमायचे. १७८१ ला अमेरिकन स्वातंत्र्ययुद्ध दाराशी आलं, कॉलेज बंद पडायची वेळ आली, तेव्हा पोरांनी शेवटची सभा घेतली, कागद सीलबंद केले आणि कॉलेजच्या कारभाऱ्याच्या ताब्यात दिले. ती इतिवृत्तं आज वाचायला मिळतात. पण सोसायटी जिवंत राहिली ती त्याआधीच येल आणि हार्वर्डला शाखा काढायची परवानगी दिली होती म्हणून, मूळ जागी सगळं थांबलं तरी दुसरीकडं चालू राहिलं. कागदांचंही तसंच आहे हो, एकाच इमारतीत सगळं ठेवायचं नाही.

दुसरं म्हणजे स्वतःचं मुख्यालयच पाहिजे असंही नाही. इलिनॉय विद्यापीठाच्या अर्काइव्हमध्ये विद्यार्थी जीवनाचा वेगळा विभाग आहे, तिथं स्टुअर्ट हाऊ नावाच्या गृहस्थांनी जमवलेला फ्रॅटर्निटींच्या मासिकांचा, कागदांचा प्रचंड संग्रह आहे. म्हणजे एका माणसानं जमवलं आणि विद्यापीठानं सांभाळलं. आपल्याकडं कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठाचं खर्डेकर ग्रंथालय आहे, पुरालेखागार आहे, बेळगावात १८४८ पासूनचं सार्वजनिक वाचनालय आहे, धारवाडला विद्यापीठ आहे. प्रत्येकाला विचारून बघायचं, पण देताना लेखी करार करा. मालकी मंडळाची, ताबा त्यांचा, मंडळाला कधीही बघायला आणि प्रत घ्यायला मुभा. नुसतं "भेट" म्हणून दिलं तर पुढं तुमचा हक्क राहत नाही.

धारवाडचं नाव मुद्दाम घेतलं. १९४९ ला कर्नाटक विद्यापीठ झालं, त्याआधी इकडची कॉलेजं मुंबई विद्यापीठाखाली आणि २०१० पासून राणी चन्नम्मा विद्यापीठाखाली. म्हणजे बेळगावच्या एका कॉलेजच्या पोरांचा माग काढायचा तर तीन विद्यापीठांकडं जावं लागतं. तुमच्या प्रवेश अर्जांत हे सगळं सलग एका जागी आहे, पोरगं कुठल्या गावचं, कुठल्या शाळेतनं आलं, बाप काय करायचा, कुणाच्या घरी वारावर जेवायचं. सीमाभागातली पहिली शिकलेली पिढी कशी घडली ते दुसऱ्या कुठल्या सरकारी कागदात इतकं मिळणार नाही हो! मराठी आणि कन्नड पोरं एका पंगतीत होती याचा तो लेखी पुरावा आहे, हे सध्याच्या दिवसांत फार मोलाचं वाटतं मला.

दूधगंगाकाठ

मी चिकोडी तालुक्यातला. २०१९ च्या ऑगस्टात पूर आला तेव्हा आमच्या गावच्या वाचनालयात पाणी शिरलं, खालचे दोन खण पूर्ण भिजले. तेव्हा जे शिकलो ते सांगतो, देव करो तुम्हाला गरज न लागो. भिजलेला कागद उन्हात टाकायचा नाही, वाकडा होतो आणि शाई उडते. सावलीत पंख्याखाली, पानांच्या मधे कोरा शोषकागद घालून, आणि तो सारखा बदलत राहायचा. दोन दिवसांच्या आत वाळवायला घेतलं नाही की बुरशी धरते. चकचकीत आर्टपेपरची पानं एकदा चिकटून वाळली की संपलं, आमचे दिवाळी अंक तसेच गेले, साध्या कागदाच्या वह्या मात्र बऱ्याच वाचल्या. फोटो काचेला चिकटले असतील तर ओढू नका, फ्रेमसकट जाणकाराकडं न्या.

इमारत पाडताना कपाटं हलवायची तर मे संपायच्या आत हलवा. पावसात ताडपत्री घालून टेम्पोतनं न्यायचा विचारसुद्धा नको.

खानापूरची_लेक

एक राहिलं कुणीच बोललं नाही. प्रवेशाचे अर्ज जसेच्या तसे फेसबुकवर टाकू नका. त्यात जात, बापाचं उत्पन्न, कर्ज, कुणाला फी माफी दिली, कुणाला मेसचे पैसे थकले म्हणून काढलं हे सगळं असतं आणि ती माणसं किंवा त्यांची मुलं इथंच गावात आहेत. माझ्या वडिलांनी फीमाफीवर शिक्षण घेतलं, त्यांना त्याचा अभिमान होता, पण सांगायचं की नाही ते त्यांनी ठरवायचं होतं, दुसऱ्या कुणी नव्हे. अर्ज अभ्यासकाला समोर बसवून दाखवा, लेखी अर्ज घेऊन. हस्तलिखित अंक आणि ग्रुप फोटो लोकांपुढं आणायला हरकत नाही, पण त्यातल्या कथा-कवितांवर लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क असतो, तेव्हा छापायचं झालं तर घरच्यांना विचारा. विचारलं की लोक आनंदानं हो म्हणतात आणि वर घरातले आणखी दोन फोटो आणून देतात.

फोटोंतली नावं मात्र आत्ताच लावून घ्या. ऐंशी-पंच्याऐंशीची मंडळी आहेत तोवरच ते होणार. स्नेहमेळाव्याला फोटोंचे मोठे प्रिंट टेबलावर मांडा, पेन्सिल ठेवा, आणि नाव सांगणाऱ्याचंही नाव लिहून घ्या.

टिळकवाडीकर

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. जागेच्या हक्काचा मुद्दा कमिटीपुढं पहिला मांडतो, मग बाकीचं. यादी करायला या रविवारपासून सुरुवात करतोय, दोन तरुण सभासद तयार झालेत. मोडी वाचणारं कुणी बेळगावात असेल तर कळवा, आमच्यात कुणालाच येत नाही.

मोडी_आणि_मी

मी येतो की ओ. निपाणीहून तासाभराचा रस्ता आहे. आधी कीर्दीच्या पहिल्या चार पानांचे फोटो पाठवा, अक्षर कसलं आहे बघतो, आणि खतावणी तिच्याजवळच राहू द्या, दोन्ही एकत्र असल्याशिवाय नावं लागत नाहीत.