मदत हवी आहे: जुन्या सीआरटी प्रोजेक्टरची ट्यूब बदलायचीय

मंडळी, माझ्याकडे तीन ट्यूबवाला ८ इंची जुना सीआरटी प्रोजेक्टर आहे (जुन्या टीव्हीसारख्या काचेच्या पिक्चर ट्यूबचा; लाल, हिरव्या, निळ्या रंगाला एकेक ट्यूब), काळा रंग अजून असा दाखवतो की नवीन काही घ्यावंसंच वाटत नाही, त्यामुळे "फेकून दे आणि लेझर घे" हा सल्ला प्लीज नको. तर झालंय काय, हिरवी ट्यूब गेल्यात जमा आहे. लेन्स काढून टॉर्च मारला की फॉस्फरवर (ट्यूबच्या काचेमागचा उजळणारा थर) ४:३ आकाराचा तपकिरी चौकोन सरळ दिसतो आणि वाइडस्क्रीन पिक्चर लावला की मध्ये गुलाबी झाक, दोन्ही कडा हिरवट. निळी, लाल ठीक आहेत, फक्त लालसमोरचं ग्लायकॉल (ट्यूब थंड ठेवणारं द्रव) दुधाळ झालंय, ते बदलेन.

एकटी हिरवी बदलली तर बाकी दोघींशी ग्रेस्केल (काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या छटांमधला रंगांचा समतोल) नीट जुळतं का, की तिन्ही एकदम बदलाव्यात? वापरलेली ट्यूब मागवताना फॉस्फरच्या फोटोशिवाय अजून काय बघून घ्यायचं? योक (ट्यूबच्या मानेवरची कॉइल) जुनंच चढवणार, कन्व्हर्जन्स (तिन्ही रंगांची चित्रं एकावर एक जुळवणं) पहिल्यापासून करावं लागणार हे धरूनच चाललोय. अॅनोडला (ट्यूबच्या हाय व्होल्टेज टोकाला) ३० किलोव्होल्टच्या आसपास असतं, तेव्हा डिस्चार्जबद्दल (आत साठलेला चार्ज सुरक्षितपणे काढून टाकण्याबद्दल) ज्यांनी स्वतः केलंय त्यांनीच सांगा, ऐकीव नको. पुण्या-मुंबईकडे हे काम करणारा कोणी जुना टीव्ही मेकॅनिक माहीत असेल तर तेही कळवा.