१/२४ बीटलच्या प्लास्टिक मॉडेलची धावती स्लॉट कार करायची आहे : चॅसिस, मोटर आणि वजनाबाबत सल्ला हवा

डबाबंद

नमस्कार. माझ्याकडे १/२४ प्रमाणातील फोक्सवॅगन बीटलचा प्लास्टिक संच बरीच वर्षे कपाटात पडून होता. बॉडी जोडून आणि रंगवून झाली आहे, तळाचा भाग व चाके मात्र अजून डब्यातच आहेत. शोकेसमध्ये आणखी एक गाडी उभी करून ठेवण्यापेक्षा ही स्लॉट कार म्हणून, म्हणजे ट्रॅकच्या खाचेतून विजेवर धावताना पाहावी, असे मनाने घेतले आहे. घरी स्केलेक्स्ट्रिकचा साधा, म्हणजे डिजिटल नसलेला, दोन मार्गिकांचा ट्रॅक आहे आणि आजवर त्यावर १/३२ च्या तयार गाड्याच चालवल्या आहेत.

मला पडलेले प्रश्न असे. संचातल्याच तळाला मोटर बसवावी, की वेगळी चॅसिस (मोटर आणि चाके धरणारा सांगाडा) घ्यावी अथवा करावी? मोटर आणि गिअर कोणते निवडावेत? रंगवलेल्या बॉडीला धक्का न लावता ती चॅसिसवर कशी बसवावी? तारांना सोल्डर करण्याइतपत हात बसलेला आहे, धातूचे मोठे काम मात्र कधी केलेले नाही.

पितळ_आणि_कथील

संचातला तळ बाजूला ठेवावा, हे आधी सांगतो. तो दिसण्यासाठी बनवलेला असतो. आस फिरू लागला की त्याची प्लास्टिकची भोके काही मिनिटांत मोठी होतात, मोटरच्या ताणाने तो पिळला जातो आणि गिअर एकमेकांत नीट बसेनासे होतात. मी पहिल्या गाडीत हा उद्योग करून पाहिला आहे. दोन वेळा गिअर खाल्ल्यावर मग पितळेकडे वळलो.

चॅसिससाठी सर्वांत महत्त्वाचे माप म्हणजे पुढच्या आणि मागच्या आसातले अंतर. खऱ्या बीटलमध्ये ते २४०० मिमी आहे, म्हणजे १/२४ मध्ये बरोबर १०० मिमी. मात्र या हिशेबावर विसंबून पत्रा कापू नये. संच बनवणारे चाकांच्या कमानी पुष्कळदा मिलिमीटरभर इकडेतिकडे सरकवतात, म्हणून व्हर्निअर कॅलिपरने बॉडीच्याच कमानींच्या मध्यबिंदूंमधले अंतर मोजावे. (जाता जाता : फेरारी २५० जीटीओचे हे अंतरही २४०० मिमीच आहे. पुढेमागे तिचा संच हाती आला, तर ही चॅसिस तिच्याखाली जाते का, हे पाहण्यासारखे आहे.)

तुमच्या ट्रॅकविषयी एक शंका मनात येईल, ती आधीच दूर करतो. स्केलेक्स्ट्रिकच्या ट्रॅकच्या पट्टीची रुंदी १५६ मिमी असते आणि दोन खाचांमध्ये ७८ मिमी अंतर असते. बीटलची खरी रुंदी १५४० मिमी धरली, तर तुमची गाडी सुमारे ६४ मिमी रुंद होईल. सरळ रस्त्यावर शेजारच्या गाडीला ती लागणार नाही, वळणावर शेपूट बाहेर गेल्यावर मात्र लागेल. करेरा या दुसऱ्या कंपनीची पट्टी १९८ मिमी रुंद असल्याने तिथे हा त्रास कमी होतो. एकट्याने चालवायची असेल, तर काळजीचे कारण नाही.

चॅसिस करणे वाटते तितके अवघड नाही. सुमारे १ मिमी जाडीची पितळी पट्टी मध्यभागी, दोन्ही बाजूंना १.६ मिमी जाडीच्या पितळी सळ्या आणि मागे मोटरचा कंस, इतकाच सांगाडा असतो. पुढचा आस ३.२ मिमी बाहेरील व्यासाच्या पितळी नळीत घातला की ३/३२ इंची, म्हणजे २.३८ मिमीचा नेहमीचा स्लॉट कारचा आस त्यात नेमका फिरतो. मागे नळी नको, तिथे तेल धरून ठेवणारे कांस्याचे बुश (आस ज्यांत फिरतो त्या कड्या) घ्यावेत. सगळे भाग सपाट फरशीच्या तुकड्यावर ठेवून, आस एकमेकांना समांतर आहेत ना हे गुण्याने तपासून मगच सोल्डर करावे. तारांसाठी वापरतो ती २५ वॅटची सोल्डरिंग आयर्न इथे उपयोगाची नाही. पितळ उष्णता लगेच पसरवते, त्यामुळे ६० वॅट किंवा त्याहून अधिक क्षमतेची सोल्डरिंग आयर्न हवी. फ्लक्स (सोल्डर धातूला नीट धरावे म्हणून लावायचे रसायन) आम्लयुक्त असेल, तर काम संपल्यावर चॅसिस साबणाच्या पाण्याने घासून धुवावी आणि पूर्ण वाळल्याखेरीज तिच्यावर मोटर चढवू नये.

दुसरी_मार्गिका

वरील प्रतिसादाशी बहुतांशी सहमत आहे, पण पहिल्याच प्रयत्नात पितळेचे काम करावे असे मला वाटत नाही. आसांमधले अंतर कमीजास्त करता येणाऱ्या तयार चॅसिस मिळतात. त्यांपैकी एखादी घेऊन गाडी आधी धावती करावी आणि हौस टिकली, तर पुढच्या गाडीला पितळ वापरावे. त्रिमितीय छपाईची चॅसिसही चालते, मात्र ती नायलॉनची असावी. पीएलए हे प्लास्टिक ६० अंशांच्या आसपास मऊ पडू लागते आणि वळणावळणाच्या ट्रॅकवर तापलेली मोटर त्याला हळूहळू वाकवते.

मोटरबाबत : एफसी-१३० आकाराची मोटर घ्यावी. ती साधारण २५ मिमी लांब, २० मिमी रुंद आणि १५ मिमी उंच असते, आणि १२ व्होल्टला मिनिटाला १८,००० फेरे देणारा तिचा प्रकार या गाडीला पुरून उरेल. ती मागच्या आसाला समांतर, आडवी बसवावी. बीटलचे इंजिन मुळात मागेच असल्याने बॉडीत तिथे भरपूर जागा आहे, वजनही मागच्या टायरांवर येते आणि आतली आसने दाखवायला पुढचा भाग मोकळा राहतो.

गिअरचा हिशेब मात्र १/३२ च्या गाडीवरून उचलू नका. तिथे साधारण २० मिमी व्यासाच्या टायरला ३:१ गुणोत्तर ठीक चालते. बीटलचे टायर १/२४ मध्ये २७ मिमीच्या घरात जातात, म्हणजे आसाच्या एका फेऱ्यात गाडी पस्तीस टक्के अधिक अंतर कापते. त्याच गुणोत्तरावर ती सुटताना मंद, थांबताना बेफाम आणि मोटर गरम, अशी अवस्था होईल. गुणोत्तर ४:१ च्या जवळ असावे, उदाहरणार्थ मोटरवर ९ दातांचे पिनियन, म्हणजे लहान गिअर, आणि आसावर ३६ दातांचे चाक. मोठ्या गिअरचा व्यास टायरपेक्षा निदान ३ मिमी कमी असल्याची खात्री करावी, नाहीतर तो ट्रॅकवर घासतो.

हळूहळू

वर सगळे खालच्या भागाबद्दल बोलत आहेत, पण या गाडीचे भवितव्य तिचे छप्पर ठरवणार आहे.

बीटलची उंची १५०० मिमी, म्हणजे तुमचे मॉडेल ६४ मिमी रुंद आणि ६२ मिमी उंच असेल. रेसिंग गाडीच्या तुलनेत हे कपाटच आहे. गाडी वळणावर उलटणार की घसरणार, याचा हिशेब साधा आहे. टायरांच्या बाहेरील कडांमधल्या अंतराचे अर्धे घ्यावे आणि त्याला गुरुत्वमध्याच्या उंचीने भागावे. कडांमध्ये ६० मिमी आणि गुरुत्वमध्य २० मिमीवर असेल, तर उत्तर दीड येते. तोच १५ मिमीवर आणला, तर दोन. टायरची पकड (घर्षणगुणांक) या आकड्यापेक्षा कमी असेल, तर गाडीचे शेपूट घसरते आणि तुम्ही तिला सावरू शकता. पकड त्याहून जास्त असेल, तर ती घसरतच नाही, थेट कुशीवर पडते. म्हणून उंच गाडीला सर्वांत चिकट टायर लावणे हा शहाणपणा नव्हे. सिलिकॉनऐवजी युरेथेनचे किंवा साधे रबरी टायर घेऊन पाहावेत.

गुरुत्वमध्य खाली आणायचा, तर आधी वरचे वजन काढावे. खाली शिसे घालण्याचा विचार त्यानंतर. संचातल्या काचा जाड पॉलिस्टायरिनच्या असतात, त्यांच्याजागी प्लास्टिकचा पातळ पारदर्शक पत्रा बसवावा. छप्पर आतून खरवडून पातळ करावे, मात्र दिव्यासमोर धरून वरचेवर तपासत राहावे. जिथून उजेड झिरपू लागला, तिथे थांबायचे. आसने आणि चालक कमरेपासून खाली कापून टाकावेत, खिडकीतून कुणालाही त्यांचे पाय दिसत नाहीत.

आता रंगवलेल्या बॉडीबद्दल. चॅसिसचे स्क्रू बसवण्यासाठी आतून स्टायरिनच्या नळ्यांचे खांब चिकटवावे लागतात. ते मॉडेलच्या द्रव सिमेंटने मुळीच चिकटवू नयेत. माझ्या एका गाडीच्या पुढच्या झाकणाला मी असेच खांब लावले, संध्याकाळपर्यंत सगळे उत्तम दिसत होते आणि आठवडाभराने रंगावर दोन गोल खळगे उमटले, नेमके खांबांच्या जागी. सिमेंट प्लास्टिक विरघळवून जोडते आणि ते पुन्हा घट्ट होताना आतल्या बाजूला खेचले जाते. दोन भागांचा इपॉक्सी वापरावा, खांबाच्या बुडाशी त्याची छोटी उतरण करावी आणि पूर्ण एक दिवस हात लावू नये.

डबाबंद

सर्वांचे मनापासून आभार. काल वजनकाटा काढला. काचा, आसने आणि बंपरांसह बॉडी ७४ ग्रॅम भरली. काचा आणि आसनांचा खालचा भाग काढल्यावर ५५, आणि छप्पर खरवडून आता ४७ वर आलो आहे. तयार चॅसिस मागवली आहे. पितळेची इच्छा आहे, पण धीर झाला नाही.

दोन शंका उरल्या आहेत. संचातल्या चाकांवरच्या सुंदर क्रोम टोप्या वापरता येतील का? आणि लोहचुंबक लावावे का? माझ्या १/३२ च्या गाड्यांना ते आहे.

पितळ_आणि_कथील

टोप्या जरूर वापराव्यात. चाक ग्रब स्क्रूने (डोके नसलेल्या बारीक स्क्रूने) आसावर आवळायचे अॅल्युमिनियमचे घ्यावे, संचातल्या चाकाचा दर्शनी भाग कानशीने घासून २ मिमीपर्यंत पातळ करावा आणि आतल्या खोलगट जागेत बसवावा. क्रोमवर गोंद धरत नाही, म्हणून मागची बाजू आधी खरवडून घ्यावी.

चुंबकाला माझा विरोध आहे. तुमच्या ट्रॅकचे रूळ पोलादी असल्याने ते काम करील, गाडी खाचेला चिकटून धावेल आणि मर्यादा ओलांडली की काही सूचना न देता उडेल. उंच बॉडी असताना ते उडणे म्हणजे आरसे आणि बंपर गोळा करत बसणे. चुंबकाशिवाय ती शेपूट हलवून आधी सांगते. फारच हलकी वाटली, तर गाइडच्या (खाचेत उतरून गाडीला मार्गावर ठेवणाऱ्या पुढच्या भागाच्या) मागे जमिनीलगत ५ ग्रॅम शिशाची पट्टी चिकटवून पाहावी आणि नंतर हात धुवावेत.

गाइडविषयी कुणी लिहिले नाही, म्हणून लिहितो. तो पुढच्या आसाच्या शक्य तितका पुढे, बीटलमध्ये १५ ते २० मिमी पुढे, असावा. तो मागच्या आसापासून जितका लांब, तितके शेपूट जास्त बाहेर जाऊनही गाडी खाचेत राहते. गाइडचे खाचेत उतरणारे पाते तुमच्या ट्रॅकच्या खाचेच्या खोलीचे घ्यावे. लाकडी ट्रॅकसाठीची पाती अधिक खोल असतात, ती प्लास्टिक ट्रॅकवर तळाला टेकून गाडीचे नाक उचलतात. रुळातून वीज घेणारी तांब्याच्या तारांची वेणी, जिला सगळे ब्रेड म्हणतात, ती रुळाला सपाट टेकली पाहिजे. पुढे कुरळी झालेली असली की नाक वर राहते आणि पहिल्याच वळणावर खाच सुटते. पुढच्या चाकांनी वजन घ्यायचे नाही, ती ट्रॅकला जेमतेम स्पर्श करावीत.

बॉडी बसवण्यापूर्वी नुसती चॅसिस किमान पन्नास फेऱ्या चालवा. ती उघडी असताना जो आवाज, जी थरथर दिसेल, ती बॉडीखाली लपते, जात नाही. मोटर नवी असेल, तर त्याआधी ३ ते ४ व्होल्टवर पंधरा मिनिटे मोकळी फिरवावी.

दुसरी_मार्गिका

बॉडीचे स्क्रू पूर्ण आवळून मग अर्धा फेरा सैल सोडावेत आणि चॅसिसची भोके स्क्रूपेक्षा किंचित मोठी ठेवावीत. बॉडी बोटाने हलवली तर जरा डुलली पाहिजे. चॅसिसची थरथर त्यामुळे वर पोहोचत नाही आणि पट्ट्यांच्या जोडांवरून जाताना गाडी शांत राहते. मात्र डुलून टायर मडगार्डला आतून घासत नाहीत ना, हे पाहावे. घासत असतील, तर कमानीची आतली कड कानशीने मारावी.

डबाबंद

तीन आठवड्यांनी लिहीत आहे. गाडी धावते आहे.

पहिल्या दिवशी ती उलटी धावली. गाइडच्या दोन तारा अदलाबदल केल्यावर सरळ झाली. नुसती चॅसिस उत्तम चालली, पण बॉडी चढवल्यावर एकाच डाव्या वळणावर ती दर वेळी खाच सोडू लागली. दोन संध्याकाळी टायर बदलण्यात घालवल्या. शेवटी गाडी काचेच्या तुकड्यावर ठेवून डोळा काचेच्या पातळीला नेला, तेव्हा दिसले की पुढचा उजवा टायर मडगार्डला अडकून फिरत नव्हता आणि त्याने गाइड केसभर उचलून धरला होता. कमान थोडी घासली, गाइडखाली अर्ध्या मिमीचा वॉशर घातला आणि ते वळण सुटले. युरेथेनच्या टायरांवर ती आता मागून छान घसरते, आणि चुंबक नसल्याने वेग १/३२ च्या गाड्यांपेक्षा कमी असूनही हातातल्या कंट्रोलरला काम जास्त आहे.

मागचा बंपर दुसऱ्याच दिवशी निखळला. तो आता वाळल्यावरही लवचीक राहणाऱ्या गोंदाने लावला आहे, तेव्हापासून चार वेळा भिंतीवर आदळूनही जागेवर आहे.