ग्रुप : बी विंग (फक्त कामाचे मेसेज)

मंगळवार

देशपांडे ६०१ (सकाळी ६:०४)
आज पुन्हा. पहाटे ५:४० ला बेल, लागोपाठ चार वेळा. मी अडीचला कॉल संपवून झोपलो होतो. या महिन्यात ही सहावी वेळ. कोण ते सगळ्यांना माहीत आहे, नाव घेत नाही. घरच्यांनी कृपया लक्ष द्यावे ही नम्र विनंती.

जोशी काकू २०३ (६:११)
आमच्याकडे ५:३०. म्हणजे जिन्यानेच वर वर जातात की काय! माझं तर दूध आणायला उतरतानाच कंबरडं मोडतं.

अमोल १०४ (६:१५)
आमची बेल जूनपासून बिघडली आहे. दुरुस्त करणार होतो. आता विचार बदलला.

पेंडसे ५०३ (६:२०)
यासाठीच एजीएममध्ये मी प्रत्येक मजल्यावर कॅमेरा आणि खाली कोडचं कुलूप सुचवलं होतं. मिनिट्स बघा.

मोरे, सेक्रेटरी (६:३२)
पेंडसेसाहेब, कॅमेऱ्यात काय दिसणार? साठे काका बेल वाजवतायत. ते आत्ताही दिसतंय.

देशपांडे ६०१ (६:३३)
मी नाव घेतलं नव्हतं.

मोरे, सेक्रेटरी (६:३३)
मी घेतलं.

नीलिमा ४०२ (७:०५)
"उठा, गच्चीवर चला, धरण फुटलं" असं म्हणतात हो! आमच्या सासूबाई खरंच पिशवी भरून बसल्या. पिशवीत काय, तर चष्मा, पोथी आणि टीव्हीचा रिमोट.

अमोल १०४ (७:०७)
रिमोट महत्त्वाचा. गच्चीवर नेटवर्क चांगलं येतं.

जोशी काकू २०३ (७:१९)
चेष्टा पुरे. नवीन लोकांना माहीत नसेल म्हणून सांगते. साठ्यांचं बिऱ्हाड नारायण पेठेत होतं, नदीच्या अंगाला. १२ जुलै १९६१, पानशेत धरण फुटलं तो दिवस. काका १४ वर्षांचे. वाड्यातल्या म्हाताऱ्यांना वर चढवत होते. मागे कोजागरीला तासभर सांगत होते, लकडी पुलावरून पाणी कसं गेलं, मग खडकवासला धरणही कसं गेलं, सगळं. आणि मसाला दूध तीनदा मागून घेतलं, प्रत्येक वेळी "अजून मिळालंच नाही" म्हणून. मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

पेंडसे ५०३ (७:२५)
इतिहास ठीक आहे. कुलपाचं काय? मिनिट्स बघा.

कुलकर्णी ३०४ (८:४०)
⏩ फॉरवर्ड केलेला मेसेज : अक्रोडाचा आकार मेंदूसारखा असतो, निसर्गाचा संकेत ओळखा! रोज रात्री भिजवलेले ४ अक्रोड आणि ब्राह्मीचं चूर्ण घ्या, विसराळूपणा २१ दिवसांत गायब 🙏

डॉ. गोखले ७०१ (९:१०)
कुलकर्णी, अक्रोड खुशाल खा, पण त्याने हे गायब होत नाही. हा नुसता विसराळूपणा नाही आणि "वय झालं" असंही नाही. चष्मा कुठे ठेवला ते आपण सगळेच विसरतो. चष्मा कशासाठी असतो हेच सुचेनासं झालं की काळजी करायची. अल्झायमर्समध्ये नवीन आठवणी साठवणारा मेंदूचा भाग आधी बिघडतो. म्हणून सकाळचा चहा पुसला जातो आणि १९६१ लख्ख राहतं. टाळायचंच असेल तर बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल, सिगारेट आणि ऐकू येणं यांकडे चाळिशीपासून बघा. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या २०२४ च्या आयोगाने अशी १४ कारणं मोजली आहेत. ती सांभाळली तर डिमेन्शियाच्या, म्हणजे अल्झायमर्ससारख्या स्मृतिभ्रंशाच्या, जवळजवळ ४५ टक्के केसेस टळू किंवा लांबू शकतात. तुमचं कानाचं मशीन कपाटात आहे ना? ते आधी लावा.

कुलकर्णी ३०४ (९:१४)
मॅडम मी फक्त फॉरवर्ड केलं.

देशपांडे ६०१ (११:५०)
माहितीबद्दल आभार. काकांबद्दल पूर्ण आदर आहे. पण झोपेचाही काही हक्क असतो. घरी मुलगी आहे, जावई आहेत. रात्री दार नीट लावणं इतकं अवघड आहे?

नीलिमा ४०२ (११:५८)
झोपेच्या हक्कावर तुम्ही बोलावं! तुमच्या अर्णवच्या वाढदिवसाला साडेअकरापर्यंत स्पीकर होता.

देशपांडे ६०१ (११:५९)
दहाला बंद केला होता.

नीलिमा ४०२ (१२:००)
११:२०.

देशपांडे ६०१ (१२:००)
घड्याळ घेऊन बसला होतात?

नीलिमा ४०२ (१२:०१)
हो. झोप येत नव्हती ना.

देशपांडे ६०१ (१२:०६)
हा मेसेज डिलीट केला गेला

मोरे, सेक्रेटरी (१२:१०)
विषयावर या.

मंजिरी साठे ३०२ (दुपारी १:३५)
सकाळपासून वाचतेय. ऑफिसमध्ये होते, आणि खरं सांगायचं तर काय लिहावं कळत नव्हतं.
बाबांना अल्झायमर्स आहे. निदान मागच्या दसऱ्याच्या सुमारास झालं. आईने कुणाला सांगू दिलं नाही, लोक "वेड लागलं" म्हणतील म्हणून. त्याच्या आधी दीड वर्ष आम्हीही वयाचंच समजत होतो. पेपरातलं शब्दकोडं चहा संपायच्या आत सोडवणारा माणूस, नुसताच पेन हातात धरून बसायला लागला. पेन्शनच्या दिवशी बँकेत तीनदा जाऊन आले.
देशपांडेसाहेब, दार लावतो. खालची कडी त्यांना उघडता येते, म्हणून वर दुसरी बसवली. चार दिवसांत तीही जमली. नवीन काही लक्षात राहत नाही म्हणतात, मग कडी कशी राहिली देव जाणे. पाऊस जोरात सुरू झाला की उठतात. आणि सहा वेळा नाही, नऊ वेळा बाहेर पडलेत. तीनदा आईने जिन्यातच गाठलं. ती ७४ ची आहे, रात्रभर खुर्ची दाराला लावून बसते. तिला पहाटे डुलकी लागते तेव्हाच हे होतं.
त्रासाबद्दल मनापासून माफी.

(बराच वेळ कुणीच नाही)

जोशी काकू २०३ (२:२०)
अगं मंजिरी, सांगायचं नाही का? आईला म्हणावं दुपारी माझ्याकडे येऊन झोप. काकांजवळ आमचे हे बसतील. त्यांनाही पानशेत ऐकायला हवंच असतं.

डॉ. गोखले ७०१ (२:३०)
मंजिरी, बी१२ आणि थायरॉइड तपासलंय ना? आपल्याकडे शाकाहारी घरांत बी१२ कमी निघतं, त्यात ते बरीच वर्षं मेटफॉर्मिनवर, म्हणजे शुगरच्या गोळीवर आहेत, तिनेही ते कमी होतं. आणि हे गेल्या दोनचार दिवसांत एकदम वाढलं असेल तर आधी लघवीची तपासणी. या वयात ताप नसतानाही इन्फेक्शनने माणूस भ्रमिष्टासारखा वागतो, आणि ते औषधाने बरं होतं.

मंजिरी साठे ३०२ (२:३८)
बी१२ कमी होतं, इंजेक्शनं झाली. थोडी हुशारी आली, पण बाकी तसंच. लघवीची करून घेते.

पेंडसे ५०३ (२:४५)
खाली कोडचं कुलूप असतं तर निदान रस्त्यावर जाण्याचा धोका नसता. किंवा रात्री फ्लॅटला बाहेरून कुलूप लावावं.

डॉ. गोखले ७०१ (२:४७)
बाहेरून कुलूप, आणि आत गॅस चालू राहिला तर? किल्ली तुमच्याकडे ठेवायची का?

पेंडसे ५०३ (२:४८)
मी पर्याय सुचवला. मिनिट्स बघा.

अमोल १०४ (३:१०)
मंजिरीताई, सकाळच्या जोकबद्दल सॉरी. दुकानातून दाराला लावायची घंटी आणतो, दार उघडलं की वाजते. काकूंना डुलकी लागली तरी कळेल. दीडदोनशेच्या आत येते.

मोरे, सेक्रेटरी (३:३०)
वॉचमन मामांना सांगून ठेवलंय. काका गेटवर आले तर अडवायचं नाही, खुर्ची द्यायची आणि ३०२ ला फोन. मंजिरीताई, खिशात नाव आणि फोन नंबरची चिठ्ठी ठेवा. ज्येष्ठांसाठीची सरकारी हेल्पलाइन १४५६७ पण लिहून ठेवा.

नीलिमा ४०२ (३:४२)
दारात आले तर बोलायचं काय? मी परवा "काका, धरणाला काही झालेलं नाही" म्हटलं तर रडायलाच लागले.

मंजिरी साठे ३०२ (४:०५)
वाद नका घालू, प्लीज. आणि "मला ओळखलंत का?" असंही नका विचारू. ओळखलं नाही हे त्यांना कळतं, मग दिवसभर गप्प बसतात. "पाणी उतरलं" म्हणा.

देशपांडे ६०१ (४:३०)
👍

बुधवार

देशपांडे ६०१ (सकाळी ५:५२)
आले होते. "पाणी उतरलं" म्हटलं. ते म्हणाले, "तुम्हाला कोणी सांगितलं?" यावर काय म्हणायचं असतं?

मंजिरी साठे ३०२ (५:५३)
"मिलिटरी आली आहे" म्हणा. मी येतेय वर.

देशपांडे ६०१ (५:५८)
म्हटलं. "मग ठीक" म्हणाले. आता आमच्या सोफ्यावर बसलेत. चहा ठेवलाय, साखर चालते का?

मंजिरी साठे ३०२ (५:५८)
नाही. पण त्यांना विचारलंत तर हो म्हणतील.

पेंडसे ५०३ (७:००)
कॅमेऱ्याबद्दल कोणीच काही बोललं नाही. मिनिट्स बघा.

मोरे, सेक्रेटरी (७:१५)
सूचना : उद्या गुरुवारी महापालिकेच्या दुरुस्तीमुळे दिवसभर पाणी येणार नाही. शुक्रवारी सकाळी उशिरा व कमी दाबाने येईल. सर्वांनी भरून ठेवावे.

मंजिरी साठे ३०२ (७:२१)
ही सूचना बाबांना मोठ्याने वाचून दाखवते.