धुऱ्यावरचा कचरा: आधी गॅस मोजा, मग विजेचं बोला

पऱ्हाटीवाला: तालुक्याचा कचरा बारा वर्षांपासून आमच्या धुऱ्याला लागून पडतो. आता त्या ढिगातल्या मिथेनवर, म्हणजे कचरा कुजून निघणाऱ्या जळाऊ गॅसवर, वीज करायची टूम निघाली आहे. सल्लागाराने रोजच्या ट्रॉल्या मोजल्या, सूत्रात घातल्या, गॅसचा आकडा काढला. ढिगात एक पाइपही घातला नाही! आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामान-बदल समितीच्या पद्धतीत उष्ण प्रदेशासाठी सरासरी १००० मिमी पावसाची रेषा आहे. तिच्या खाली अन्नाचा कचरा अर्धा कुजायला साधारण ८ वर्षं धरतात, वर पावणेदोन. ही रेषा विदर्भाच्या मधूनच जाते. बुलढाणा कोरड्यात, गोंदिया ओल्यात. आमचा तालुका रेषेवरच लोंबकळतो. मग खरा आकडा कोणता?

वैनगंगाकाठ: भाऊ, मोजणार कसं? डबा उलटा मातीत दाबायचा आणि दर पाच मिनिटांनी आतलं मिथेन बघायचं, हेच ना? कॉलेजात असताना केलंय आम्ही. भेगेवर ठेवला की मीटर पळतं, दोन हात सरकवला की चिडीचूप. शिवाय डबा फक्त निसटणारा गॅस दाखवतो. वरच्या मातीतले जिवाणू वाटेतच मिथेन खातात, ते कुठे धरणार? त्यापेक्षा सूत्र बरं.

पऱ्हाटीवाला: म्हणूनच डब्यावर थांबू नका म्हणतो. बोअर मारा, छिद्रांचा पाइप सोडा, पंपाने गॅस ओढा, आणि मिथेनचा टक्का किती दिवस टिकतो ते बघा. जास्त ओढलं की बाहेरची हवा आत शिरते आणि टक्का पडतो. ढिगाच्या गॅसमध्ये मिथेन मुळातच निम्मं. इंजिनातून घनमीटरमागे पावणेदोन युनिटच्या आसपास वीज. पाच एचपीची मोटर तासभर चालवायची तर अडीच-तीन घनमीटर गॅस गेला. आता सांगा, सूत्रावर कर्ज काढायचं?

गोठ्यातली: मले त समजतच नाही, ढीग मोजून करता काय? आमच्या घरी गोबरगॅस हाये. पंचवीस किलो शेणाले घनमीटरभर गॅस. टाकी वर आली की दिसते, मशीन नाही लागत. ओला कचरा येगळा करा अन् टाकीत टाका. ढिगात पन्नी, चपला, मलबा. त्यातून काय गॅस निघन? अन् एकदा मोजमाप झालं की ढीग कायमचा आपल्या बोडख्यावर.

वैनगंगाकाठ: ताई, नव्या कचऱ्याचं पटलं. पण पडून आहे त्याचं काय? तो गॅस सोडतोच आहे, आणि १०० वर्षांच्या हिशेबात मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या २८ पट तापवतं. वीज परवडली नाही तर नळीच्या तोंडाशी जाळून टाकावा. त्यालाही माप लागतंच, हे मी कबूल करतो.

पऱ्हाटीवाला: चला, अर्धं तरी मानलं. मे आणि सप्टेंबर, दोनदा मोजा. ४५ डिग्रीत वाळलेला ढीग आणि पावसात भिजलेला ढीग एकच गॅस देईल का? एका आकड्यावर ग्रामसभेत मी हात वर करणार नाही.

गोठ्यातली: मे महिन्यात त तिथं आग लागलेली असते भाऊ. मोजाले जाईन कोन?