मिनेसोटाचा नवा झेंडा मला तरी आवडला
काही जण म्हणतात की अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्याने जुना झेंडा उगाच बदलला, नवा फारच साधा आहे. मला नाही पटत. जुन्यावर निळ्या कापडावर राज्याची आख्खी मुद्राच (म्हणजे सरकारी शिक्का) छापलेली, आणि त्यात काय तर नांगर धरलेला गोरा शेतकरी, बाजूला त्याची बंदूक आणि लांब घोड्यावरून जाणारा मूळ रहिवासी, म्हणजे ज्यांची जमीन घेतली त्यांनाच निघून जाताना दाखवायचं, तिथल्या मूळच्या डाकोटा लोकांना हे बघून काय वाटत असेल! ११ मे २०२४ पासून आलेल्या नव्या झेंड्यावर फक्त आठ टोकांचा ध्रुवतारा, गडद निळ्यात राज्याचा आकार, बाकी फिकट निळं पाणी. नव्या मुद्रेवर लून हा पाणपक्षी आणि राज्याचं डाकोटा भाषेतलं म्नी सोटा माकोचे हे नाव पण आहे, मला तर झेंड्यापेक्षा तीच जास्त भावली.