बाबांचा काटा : आठवणी लिहा

आज १ नोव्हेंबर. आर्मी एव्हिएशन कोअर, म्हणजे सैन्याचं हेलिकॉप्टर दल, १९८६ साली याच तारखेला स्थापन झाली. बाबा तोफखान्यातून तिकडे गेले ते त्याच सुमारास, त्यामुळे "कोअर आणि मी बरोबरच उडायला शिकलो," असं ते दरवर्षी या दिवशी सांगायचे आणि आम्ही दरवर्षी पहिल्यांदा ऐकल्यासारखं करायचो. त्यांना जाऊन गेल्या महिन्यात वर्ष झालं. अपघातबिपघात काही नाही. घरी, झोपेत गेले. आयुष्यभर आईने ज्याची धास्ती घेतली ते झालंच नाही.

तुमच्याकडे त्यांचं जे काही असेल ते लिहा. मोठेपणाचं नको, खरं लिहा. सुरुवात मी करते.

मी पाचवीत होते. २००३ मध्ये नाशिकरोडला गांधीनगरच्या धावपट्टीवर हेलिकॉप्टर वैमानिकांची प्रशिक्षण शाळा सुरू झाली आणि बाबा तिथे शिकवायला आले. पहिल्यांदाच सलग घरी. त्यांनी काय करावं? भंगारवाल्याकडून स्प्रिंगचा काटा आणला, स्वयंपाकघराच्या दाराला लटकवला आणि रोज सकाळी माझं दप्तर त्याला अडकवायला लागले. साडेचार किलोच्या वर गेलं की काहीतरी उतरायचं. एकदा भूगोलाची नकाशावही उतरली. नेमकी त्याच दिवशी बाईंनी मागितली. मी रडवेली. मधल्या सुट्टीत बघते तर फाटकाशी बाबा, सायकलवर, अंगात उड्डाणाचा ओव्हरऑल तसाच, कॅरियरला नकाशावही. शिपाईकाकांना म्हणाले, "दुसऱ्या फेरीचा माल आहे." मला त्या वेळी मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

त्यांच्या युनिटमधला तंत्रज्ञ (ईएमई, म्हणजे सैन्याची यंत्रदुरुस्ती शाखा; निवृत्त)

ताई, तो काटा कुठून आला ते मी सांगतो. दप्तराचा आणि त्याचा संबंध तुम्हाला तेव्हा कळला नसणार.

सियाचीनला आम्ही चीता हेलिकॉप्टर उडवायचो. एक इंजिन, पुढे दोन वैमानिक. वीस हजार फुटांच्या आसपास हवा जेमतेम निम्मी, त्यामुळे पंख्याला धरायला काही सापडतच नाही. खाली जे यंत्र आरामात चार माणसं उचलतं, ते वरच्या चौक्यांवर वीस-पंचवीस किलो नेतं. म्हणजे रॉकेलचा एक जेरीकॅन. एक! त्याच्यावर पोरं चहा करणार, बर्फ वितळवणार, हात शेकणार. चौकीवर इंजिन बंद करायचं नाही, कारण बंद पडलं तर पुन्हा सुरू होईल याची खात्री नाही. पंखा फिरत असतानाच कॅन ढकलायचा आणि निघायचं. वारा उठायच्या आत, पहाटे पहाटे, जेवढ्या फेऱ्या होतील तेवढ्या.

साहेब उड्डाणाआधी स्वतःचे खिसे रिकामे करायचे. पाकीट, किल्ल्या, पेनसुद्धा. मी म्हणालो, साहेब, पेनाने काय होतंय? तर म्हणाले, "पेनाने काही होत नाही रे, पण एकदा पेन चालतं म्हटलं की मग थर्मासही चालतो." थर्मास त्यांनी खरंच कधी नेला नाही. खाली उतरले की माझ्या मगातला चहा प्यायचे. अर्धा.

पाटण तालुक्यातला एक माजी सैनिक

मी त्यांना दहा मिनिटं पाहिलं असंल. जानेवारी २०००. वर मला हापो झाला, म्हंजे फुप्फुसात पाणी भरतं. खोकताना फेस येत होता. त्याला औषध एकच, माणूस खाली न्यायचा. दोन दिवस हवा बंद. तिसऱ्या दिवशी चीता आलं.

बेस कॅम्पला उतरवल्यावर त्यांनी माझी नावाची पट्टी वाचली आन् मराठीत विचारलं, "कुठला रे?" म्हटलं पाटण. "कोयनेचं पाणी प्यालेला गडी आणि इथं खोकत बसलाय?" मला हसू आलं, हसताना आणखी खोकला आला, डॉक्टर त्यांच्यावरच खेकसले. माझा धाकटा आता भरतीची तयारी करतोय. बास, एवढंच.

नाशिकचा एक विद्यार्थी वैमानिक (आता सेवेत)

सरांचा रोजचा पहिला प्रश्न हवामानाचा नसायचा. "झोप झाली का?" एवढाच. माझी मुलगी तेव्हा तीन महिन्यांची, रात्रभर ताप. मी ठोकून दिलं, झाली सर. त्यांनी माझ्या डोळ्यांकडे पाहिलं, चेतक हेलिकॉप्टरभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाले, "आज मला बरं वाटत नाहीये. आपलं उड्डाण रद्द." ठणठणीत होते. तासाभराने दुसऱ्या मुलाला घेऊन उडालेही. माझ्या नोंदींत त्यांनी एक अक्षर लिहिलं नाही. संध्याकाळी मॅडमकडून मऊ भाताचा डबा आला.

धाकटा मुलगा

ताईने खरं लिहा म्हटलंय म्हणून लिहितो.

मी दोन वर्षांचा असताना ते गेले आणि मधल्या सुट्ट्या सोडल्या तर मी पाच वर्षांचा झाल्यावर आले. आम्ही तेव्हा पुण्यात, ज्यांचे बाप फील्डवर असतात त्यांच्यासाठीच्या क्वार्टरमध्ये. त्या कॉलनीत बाप ही चीज सुट्टीपुरतीच यायची. एकदा ते आले तेव्हा मी दार उघडून आईला ओरडून सांगितलं, कोणीतरी काका आलेत. घरात हा किस्सा विनोद म्हणून सांगतात. मला तो कधी विनोद वाटला नाही.

निवृत्तीनंतर त्यांनी भरपाई करायचा चंग बांधला. मी सव्वीस वर्षांचा, ऑफिसच्या टीममधून रविवारी टेनिस बॉल क्रिकेट खेळायचो, आणि हे सीमारेषेबाहेर छत्री उघडून बसलेले. एकटेच प्रेक्षक. पोरं हसायची. एकदा घरी येताना मी बोललो, "बाबा, हे तेव्हा करायचं होतं." गाडीत कोणी काही बोललं नाही. मला वाटलं, आता येणार नाहीत.

पुढच्या रविवारी आले. छत्री होतीच, शिवाय टीमसाठी केळी. मी शून्यावर बाद झालो.

शेजारच्या काकू

हेलिकॉप्टर गेलं की हे गच्चीत. आवाजावरून सांगायचे, चेतक की चीता. मला मेलं दोन्ही सारखंच वाटायचं. माझ्या वाळवणाची राखण मात्र फुकटात व्हायची.

काटा अजून आहे का गं? माझ्या नातवाचं दप्तर एकदा बघायचंय.

मोठी मुलगी

आहे काकू. दादाने नेला होता, परत आणलाय. स्प्रिंग जुनी झाल्येय, दोन किलोवर अडकते, जरा टिचकी मारावी लागते. उद्या शाळेच्या आधी पाठवा त्याला.